पोटुशी

धाकटीला घरात लहानपणापासून सगळे धाकटीच म्हणत, आणि लग्नानंतर नवऱ्यानेही तेच नाव उचललं. थोरली बहीण होती म्हणून ही धाकटी. त्यापलीकडे त्या नावात काही नव्हतं. तिच्याबद्दल पहिली सांगण्यासारखी गोष्ट ही, की तिच्या आयुष्याचा मोठा हिस्सा संडासाच्या बंद दाराआड गेला, आणि बहुतेक वेळा ती आत गेली तशीच उठून बाहेर आली.

माहेरचं घर दोन खोल्यांचं. संडास एक, माणसं चार. सकाळी बापाला कामावर निघायची घाई, थोरलीची शाळा, आईने आंघोळीला ठेवलेलं पाणी खदखदतंय, आणि आत ही बसलेली. आई दारावर थाप मारायची.

"झालं का गं?"

"होतंय."

"काल पण होतंयच म्हणत होतीस."

काही होत नसे. पोट दगडासारखं घट्ट, कमरेतून कळा, कपाळावर घाम, आणि खाली काही हालचाल नाही. आठवडा जायचा, कधी त्याहूनही जास्त. मग एखाद्या दिवशी व्हायचं ते असं, की ती फ्रॉकचा काठ तोंडात कोंबून बसायची आणि नंतर भसाभसा पाणी ओतून रक्त धुऊन टाकायची. आईची ठाम समजूत होती की पोरगी हट्टी आहे, मुद्दाम रोखून धरते. एकदा तिने हिला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि पाठीत धपाटे घातले. "सगळ्या घराला वेठीला धरलंयस," ती म्हणाली. तेव्हापासून दर रविवारी नाक दाबून एरंडेल सुरू झालं. एरंडेलाने पोटात नुसता गोंधळ उडे, मुरडा येई, पाण्यासारखं काहीतरी जाई आणि मूळ दुखणं जागच्या जागी राही.

थोरली तेवढ्यात आपली करमणूक करून घ्यायची. "आमची धाकटी तपाला बसलीय. कोण प्रसन्न होतंय बघू या." हसायला धाकटीही हसायची. हसलं नाही तर विषय वाढतो, हे तिला लवकर कळलं होतं.

मोठी होता होता तिला आणखी एक गोष्ट कळून चुकली. हिच्या दुखण्याला कुणी दुखणं म्हणतच नव्हतं. शौचाला होत नाही म्हटलं की समोरच्या माणसाच्या ओठाचा कोपरा हलायचा आणि लगेच सल्ला यायचा. पाणी पी. पालेभाजी खा. पपई खा. पहाटे उठून चालायला जा. या बाबतीत जो तो डॉक्टर. तिने सगळं करून पाहिलं. पाणी पिऊन पिऊन तिला उमासे यायचे. गव्हाचा कोंडा खाल्ला, तर तो आत जाऊन असा फुगला की वाकून चपलेचा पट्टाही लावता येईना. खरोखरीचे डॉक्टर भेटले तेही याच वाणाचे. एकाने मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या. त्या दोन महिने लागू पडल्या आणि मग बंद पडल्या. दुसऱ्याने जास्त जोराच्या दिल्या. तिसऱ्याने पेन खाली ठेवून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना? नवऱ्याशी पटतं? तुम्ही मनाला फार लावून घेता, असं दिसतंय." त्या दिवशी ती दवाखान्यातून बाहेर आली आणि पायरीवरच बसून राहिली. त्यानंतर डॉक्टरांकडे जायचं तिने सोडून दिलं. औषधाच्या दुकानातून रबरी नळी आणि पिशवी आणली आणि एनिमा स्वतःचा स्वतः घ्यायला शिकली. न्हाणीघराच्या फरशीवर डाव्या कुशीवर निजायचं, पिशवी नळाच्या तोटीला टांगायची, गुडघे पोटाशी घ्यायचे. यात कुणाची मदत लागत नसे, हीच त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. हसरा माणूस, अंगाला कायम ग्रीसचा वास. नवं नवं होतं तेव्हा म्हणायचा, "अडकलेली लिफ्ट मी घटकाभरात सोडवतो, पण तुझ्यापुढे हात टेकले बुवा." तीही हसायची. काही वर्षांनी त्याने ही थट्टा बंद केली. तिच्यासाठी म्हणून केली की त्याचाच कंटाळा आला म्हणून, हे तिने विचारलं नाही. तो सकाळी बिनबोभाट खालच्या गॅरेजमधल्या संडासात जाऊन यायचा, म्हणजे घरातला हिला मोकळा मिळे. मूल नव्हतं. पाळी आली तर आली, नाही तर दोन-दोन महिने नाही. सुरुवातीला पाळी लांबली की दोघं आशेने बोलायचे, आणि मग ती यायची. मग त्या बोलण्यात त्याचा आवाज बारीक व्हायला लागला, तसा तिने विषय काढणं सोडलं.

ती काम करायची तो कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड. बसच्या सीटची कव्हरं शिवायची. एका भिंतीशी रेक्झिनचे गुंडाळे उभे केलेले, मधे शिलाई मशीनच्या दोन रांगा, टोकाला कापणीचं मोठं टेबल. रेक्झिनला उन्हाळ्यात एक गोडसर, डोकं चढवणारा वास यायचा. जाड माल असल्यामुळे तो रेटायला हात आणि पोट दोन्ही लावावी लागत. बसायला बिनपाठीची स्टुलं. बायकांसाठी संडास एकच, गुंडाळ्यांच्या मागच्या बोळात, आणि त्याची कडी आतून नीट बसत नसे म्हणून एका हाताने दार धरून बसावं लागे. सुपरवायझर वाईट नव्हता, पण त्याचं लक्ष मशीनच्या आवाजावर असायचं. एखादं मशीन बंद पडलेलं त्याला पाठमोरा असतानाही कळायचं. धाकटी गेली की थोड्या वेळाने तो बोळाच्या तोंडाशी येऊन खाकरायचा. त्याचं खाकरणं ऐकलं की तिचं होणारही बंद व्हायचं.

कापणीच्या टेबलावर एक वयस्क बाई असत. त्यांना सगळ्या मावशी म्हणत. हाताला जड, बोलायला त्याहून जड. चुकीचं कापलेलं दाखवायला कुणी गेलं तर एका नजरेत परत पाठवत. धाकटीशी त्या कामापुरतं बोलत.

त्या वर्षी धाकटीचं पोट फारच चढलं. गोळ्या मूठभर झाल्या होत्या आणि तरीही काही उपयोग नव्हता. एके दिवशी सकाळी ती बोळातून बाहेर आली तेव्हा सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, तुमचं स्टूल तिकडेच टाकून देऊ का?" पुरुष हसले, दोन-तीन बायकाही हसल्या. ती येऊन मशीनवर बसली. सुईत दोरा जाईना. दुपारी पाण्याच्या माठाशी ती एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हाताने पोट सावरून उभी होती, तेव्हा मावशी शेजारी आल्या. त्यांनी तिच्या पोटाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"कितवा गं?" त्यांनी हळूच विचारलं.

धाकटीला प्रश्न कळायला वेळ लागला. कळला तेव्हा "नाही हो मावशी" अगदी ओठांवर आलं होतं. पण ते म्हटलं की पुढे काय ते सांगावं लागणार. मग ओठाचा कोपरा हलणार, मग पपई. सकाळचं हसणं अजून कानात होतं. तिने मान खाली घातली.

मावशींनी त्या मानेचा अर्थ लावला आणि त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीच्या मशीनपुढे स्टुलाच्या जागी पाठीची खुर्ची होती, तिच्यावर रेक्झिनच्या तुकड्यांची उशी.

त्यानंतरचे दिवस तिच्यासाठी नवलाचे होते. बोळात गेली तर कुणी खाकरेना. सुपरवायझर नजर चुकवून म्हणाला, "लागेल तेवढा वेळ घ्या, बाई. आधी बोलला असतात तर." संडासाची कडी दुरुस्त झाली. जड गठ्ठे शेजारचीच उचलून द्यायची. कुणी विचारायचं, झोप लागते का, पायाला सूज येते का. आणि तिला खरंच झोप लागत नव्हती, पायाला खरंच सूज येत होती. उत्तरं खरी द्यायची आणि प्रश्न खोटा राहू द्यायचा, अशी तिची दिवसभराची कसरत. कंबर दुखते म्हटलं की मावशी स्वतःच्या हाताने कंबर चोळून द्यायच्या. आपल्या आईचा हात असा पाठीवर कधी फिरल्याचं धाकटीला आठवत नव्हतं.

आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. घरी येताना दर संध्याकाळी ती ठरवायची, की आता संपवायचं. सोपा मार्ग एकच होता: दोन दिवस घरी राहायचं आणि परत जाऊन सांगायचं, राहिलं नाही, पडलं. असं पुष्कळ बायकांचं होतं, कुणी खोदून विचारत नाही. वाक्यसुद्धा तिने जुळवून ठेवलं होतं. त्याप्रमाणे ती दोन दिवस घरी राहिली, एनिमा घेतला, पोट थोडं उतरलं, आणि तिसऱ्या दिवशी सैल कपडे घालून ती कामावर गेली. मावशी तिला दारातच भेटल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक.

"आली नाहीस, तर माझ्या जिवात जीव नव्हता," त्या म्हणाल्या. तिला कापणीच्या टेबलामागे नेऊन बसवलं आणि कात्रीवरचा हात न काढता सांगायला लागल्या. त्यांचं पहिलं सातव्या महिन्यात गेलं होतं. मुलगी होती. कामावरच कळा आल्या, कुणाला सांगायची लाज वाटली, शिफ्ट संपेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. "आधी बसले असते तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. मग पुढे काही झालंच नाही. हे इथे कुणाला ठाऊक नाही. तुला सांगितलं, कारण तू पण तशीच, तोंड मिटून सोसणारी."

धाकटीच्या तोंडात ते जुळवलेलं वाक्य होतं. ते तिने गिळलं. या बाईला आज "पडलं" म्हणून सांगायचं, हे तिच्याच्याने होईना.

मग जे करायला नको ते ती करून बसली. पोट उतरलेलं दिसलं की बिंग फुटेल, म्हणून एनिमा लांबणीवर टाकायला लागली. गोळ्या निम्म्या केल्या. जन्मभर जे पोट खाली बसावं म्हणून धडपड केली, तेच वर राहावं म्हणून आता धडपड. पोट राहिलंही. ते इतकं ताणलं गेलं की कातडी चमकायला लागली. खाल्लेलं छातीशी येऊन थांबायचं. दोन घास भात खाल्ला तरी तासन्‌तास ढेकरा. नवऱ्याने एकदा जेवताना विचारलं, "फारच फुगलंय गं या वेळी. साफ केलं नाहीस का?"

"करते. रविवारी."

"डॉक्टरकडे जाऊ या का एकदा?"

"कशाला? परत विचारतील, नवऱ्याशी पटतं का."

तो हसला आणि ताट घेऊन उठला. कारखान्यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. कारखाना शहराच्या एका टोकाला आणि याच्या लिफ्टा दुसऱ्या टोकाला. गाठ पडायचं काही कारणच नव्हतं.

तो दिवस साधाच होता. सकाळचा चहा होऊन मशीनं नुकती सुरू झाली होती. धाकटी एका लांब सीटच्या कव्हराला कडेची टीप मारत होती. पोटात डाव्या बाजूला अशी कळ आली की पायडलवरचा पाय तसाच दाबलेला राहिला आणि टीप कव्हराबाहेर निघून गेली. दुखणं तिला नवं नव्हतं. पण आत कुणीतरी ओलं कापड पिळतंय आणि पिळून झाल्यावरही सोडत नाहीये, असं हे तिला पहिल्यांदाच वाटत होतं. ती खुर्चीवरून खाली घसरली. उलटी झाली, ती हिरवी. मशीनं एकेक करून बंद पडत गेली.

मावशी धावत आल्या. सुपरवायझरने गाडी आणली. मागच्या सीटवर मावशींच्या मांडीवर तिचं डोकं होतं आणि मावशी तिच्या केसांवरून हात फिरवत सारखं एकच म्हणत होत्या, "धीर धर, बाळ. आलंच. धीर धर."

"मावशी," धाकटी दात आवळून म्हणाली, "बाळ नाहीये."

"असं अभद्र बोलू नकोस."

"नाहीये, मावशी. खरंच नाहीये."

"चूप. आहे. काही होत नाही त्याला." मावशींच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या गालावर पडत होतं. "मी आहे ना."

धाकटीने डोळे मिटून घेतले. त्याहून जास्त बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

साहजिकच गाडी बाळंतपणाच्या इस्पितळात गेली. तिथली डॉक्टर तरुण होती. तिने पोटावर यंत्र फिरवलं, पडद्याकडे पाहिलं, परत फिरवलं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "बाई, तुम्ही गरोदर नाही आहात."

"माहीत आहे मला."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. ती नजर धाकटी पुढे पुष्कळ दिवस विसरली नाही. पण डॉक्टर हुशार होती. नंतर काय विचारायचं ते नंतर, म्हणून तिने लगेच एक्स-रे काढायला लावला आणि तो बघितल्याबरोबर शेजारच्या इमारतीतल्या सर्जनला फोन केला. ढकलगाडीवरून नेताना धाकटीने छताचे दिवे पाहिले, आणि बाहेरच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसलेल्या मावशी पाहिल्या. मावशींना तोवर कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

शुद्धीवर आली तेव्हा पोटावर मधोमध पट्टी होती आणि डाव्या बाजूला एक प्लॅस्टिकची पिशवी चिकटवलेली. सर्जन मध्यमवयाचे, सावकाश बोलणारे. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. हिच्या आतड्याची सावली पोटभर पसरली होती, वर छातीपर्यंत जाऊन परत खाली वळलेली.

"मोठं आतडं माणसाला जेवढं असतं, त्यापेक्षा तुमचं बरंच लांब आहे," ते म्हणाले. "जन्मापासूनच. लांब असल्यामुळे त्याची वेटोळी पडतात आणि मळ वाटेत अडकून बसतो. पाणी पिऊन आणि भाजी खाऊन हे सुटणारं नव्हतं. या वेळी आतला साठा इतका झाला की वेटोळ्याला पीळ पडला. तेवढा भाग काळा पडला होता, तो काढावा लागला. आणखी थोडा उशीर झाला असता, तर तुम्ही हाती लागला नसतात."

धाकटी बराच वेळ सावलीकडे बघत राहिली.

"म्हणजे मी मुद्दाम धरून ठेवत नव्हते," ती म्हणाली.

"मुद्दाम? मुद्दाम कोण कशाला धरून ठेवेल?" सर्जनना प्रश्नाचा रोख कळला नाही. ते पुढच्या खाटेकडे गेले. ती भिंतीकडे तोंड करून रडली. रडताना टाके ओढले जात होते, तरी तिला थांबवता आलं नाही.

आई भेटायला आली. तिला सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पिशवीकडे एकदा बघून नजर वळवली आणि म्हणाली, "लहानपणी मी एरंडेल द्यायचे तेव्हा बरी असायचीस. नंतर तू सोडून दिलंस." थोरलीने आईला बाहेर नेलं. परत आत आल्यावर थोरली खाटेशी उभी राहून चादरीचा कोपरा नीट करत राहिली.

नवरा रोज यायचा. पिशवी रिकामी कशी करायची, कातडी कशी पुसायची, हे नर्सने त्याला दाखवलं, तर तो एखाद्या यंत्राचा भाग समजून घ्यावा तसं लक्ष देऊन शिकला. त्याने तोंड वाकडं केलं नाही. पण तो तिच्या डोळ्यांत बघत नव्हता. तीन-चार दिवस असेच गेले. मग एका दुपारी तो खुर्ची ओढून बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून बोलायला लागला.

"त्या दिवशी मला साइटवर निरोप आला. बायकोला बाळंतपणाच्या इस्पितळात नेलंय, म्हणाले. मी म्हटलं, माणूस चुकला असेल. तरी धावत आलो. तिथली लिफ्ट बंद होती, म्हणून जिना चढत होतो. मधल्या वळणावर तुमच्या त्या मावशी भेटल्या. त्यांनी विचारलं, तुम्ही तिचे मालक का? हो म्हटलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, बाळाचं अजून काही कळलं नाही, पण तुम्ही खचू नका."

धाकटीचे डोळे मिटले.

"मला वाटलं, तू मला सांगितलं नसशील. आधीसारखं व्हायला नको, म्हणून पक्कं झाल्यावर सांगणार असशील. पुढचा जिना मी कसा चढलो ते माझं मला माहीत. देवाला काय काय बोललो त्या जिन्यात." तो थांबला. "वर आलो तर डॉक्टर म्हणाली, बाळबीळ काही नव्हतंच. तू वाचशील की नाही ते सांगत होती ती, आणि मी भलतंच विचारत होतो, नव्हतं म्हणजे काय, नव्हतं म्हणजे काय."

"मी तुम्हाला कधी खोटं सांगितलं नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"नाही. मला नाही सांगितलंस." त्याने उठून पाण्याचा पेला तिच्या हाताशी सरकवला. "ते ठाऊक आहे मला. तरी पण."

ते 'तरी पण' त्याने पुढे कधी पूर्ण केलं नाही.

मावशी आल्या त्या घरी जायच्या आदल्या दिवशी. धाकटीने वाट बघणं सोडलं होतं. कामाचेच कपडे, हातात काही नाही. बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत. खाटेच्या पायथ्याशी लोखंडी दांडा धरून उभ्या राहिल्या.

"बरी आहेस?"

"आहे."

"मी तुला माझ्या पोरीचं सांगितलं. तू ऐकून घेतलंस. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतंस."

"तेव्हा संपवायलाच आले होते, मावशी. तुमचं ऐकल्यावर नाही तोंड उघडवलं."

बाहेर व्हरांड्यात कुणाचं तरी भांडं पडलं. धाकटीने उशीवरून मान उचलली. "मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं, की मूल नाही, मला शौचाला होत नाही. तर तुम्ही मला खुर्ची दिली असती?"

खोटं बोलायची सवय मावशींना नव्हती. त्यांनी विचार केला, आणि त्यांचा विचार चेहऱ्यावर दिसत होता.

"नसती दिली," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काही नाही. ते माझं चुकलं. पण मी पोरीचं कुणाला सांगितलं नव्हतं गं. जन्मात कुणाला नाही." त्यांनी दांडा सोडला. "तू कारखान्यात परत येऊ नकोस. बाकीच्या बोलतील, ते मी बंद करीन. मला तू समोर नको आहेस."

त्या गेल्या. धाकटी गेली नाही परत. तिचा राहिलेला डबा आणि चष्मा शेजारच्या मशीनवालीने घरी आणून दिला. ती दारातूनच म्हणाली, तिकडे आता तऱ्हेतऱ्हेचं बोललं जातंय. कुणी म्हणतं, हिला मुलाचा ध्यास लागून वेड लागलं होतं, कुणी म्हणतं, कामचुकार होती. आतडं लांब होतं, हे कुणालाच पटत नव्हतं. असलं कुठे काही असतं का, असं सगळ्यांचं म्हणणं.

पिशवी पुढचे काही महिने पोटावर राहिली. घरी आल्यावर पहिल्या दिवशी ती आपोआप भरलेली पाहून धाकटी न्हाणीघरात नुसती बघत उभी राहिली होती. न कण्हता, न कुंथता, दार धरून न बसता. घाण होती, वास होता, रात्री कुशीवर वळायची सोय नव्हती, आणि चार माणसांत पिशवीतून आवाज झाला की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण पोट मऊ होतं. दाबलं तर बोट आत जायचं. तिला स्वतःचं मऊ पोट तोवर माहीतच नव्हतं.

नंतर दुसरं ऑपरेशन झालं आणि आतडं परत जोडलं. सर्जननी आधीच सांगितलं होतं की सगळं एकदम सुरळीत होईल असं समजू नका. तसंच झालं. आता दोन-तीन दिवसांआड होतं, औषध घेऊन होतं, कधी अडतंही. अडलं की पिळाची ती कळ परत येते की काय, म्हणून ती श्वास रोखून वाट बघते. तिला एका धुलाई कारखान्यात काम मिळालं आहे, फाटलेल्या चादरी आणि टॉवेल रफू करायचं. पहिल्याच दिवशी तिथल्या मॅनेजरला तिने उभ्या उभ्या सांगितलं, "माझ्या आतड्याचं ऑपरेशन झालंय. मला शौचाला वेळ लागतो. कधी फार लागतो. चालणार असेल तर ठेवा." तो बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि टेबलावरचे कागद उगीचच सारखे करत म्हणाला, "ठीक आहे, ठीक आहे." तिथल्या बायका तिच्यावर मागून हसतात. तिला ते ऐकू येतं.

मावशी एकदा बाजारात दिसल्या. रस्त्याच्या पलीकडे होत्या. त्यांनीही हिला पाहिलं असावं, कारण त्या दुकानाच्या काचेकडे वळल्या आणि गर्दी पुढे सरकेपर्यंत तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

शेवटच्या तपासणीला नवरा बरोबर होता. सर्जननी पोट चाचपलं, व्रण पाहिला, समाधानाने मान हलवली. मग हात धुता धुता, सहज सांगावं तसं म्हणाले, "तुमचं वय आहे अजून. मूल हवं असेल तर आता माझ्याकडून काही हरकत नाही."

बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. तिच्या बाजूची खिडकी घट्ट बसली होती, ती त्याने जोर लावून उघडून दिली. दुकानं, खांब, शाळेचं आवार मागे जात राहिलं. त्याने विचारलं, भूक लागली का? ती म्हणाली, थोडी. मुलाचा तो विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही, आणि त्यालाही आता वर्ष होत आलं.